खुब्याचे बळ : सिकलसेलच्या रुग्णांसाठी नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम

(जागतिक सिकलसेल दिनी, १९ जून रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या रुग्ण-कुटुंबीय व देणगीदार यांच्या मेळाव्यात फिजिओथेरपी विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल, याची आम्हांस कल्पना आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार. या दिवशी व्याख्यान व्हायचे ते रक्ततपासणीवर, विवाहापूर्वीच्या समुपदेशनावर, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीवर. त्यात नितंबाच्या स्नायूंचे काय काम? तथापि गेली काही वर्षे आमच्या विभागात येणारी तरुण मुले-मुली पाहून हा विषय एकदा मोकळेपणाने मांडावा असे आम्हांस वाटत होते. विश्वस्त मंडळाने संधी दिली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

सिकलसेलचा रुग्ण आमच्या दारात येतो तो बहुधा लंगडत येतो. वय अठरा, वीस, बावीस. सोबत आई. विचारले तर सांगतो, गुडघा दुखतो. गुडघ्याला तेल चोळून झालेले असते, गुडघ्याचा एक्स-रे काढून झालेला असतो आणि त्यात काही सापडलेले नसते. मग आम्ही त्याला पाठीवर निजवतो, पाय गुडघ्यात दुमडून हळूच आत वळवतो, आणि तो कळवळून जांघेवर हात ठेवतो. दुखणे गुडघ्याचे नसतेच. ते खुब्याचे असते. खुबा आणि गुडघा यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत, त्यामुळे वरच्या सांध्याचे दुखणे खालच्या सांध्याच्या नावावर खपते. या एका गैरसमजात कित्येक महिने निघून जातात. म्हणून आजच्या व्याख्यानातले काहीच लक्षात राहिले नाही तरी एवढे ध्यानात ठेवावे, की सिकलसेलच्या मुलाने गुडघा किंवा मांडी दुखत असल्याचे सांगितले, तर डॉक्टरांना खुबाही तपासण्याची विनंती करावी.

या आजाराचे आणि आपल्या भागाचे नाते जुने आहे. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १९५८ साली, डॉ. आर. एन. शुक्ला आणि डॉ. बी. आर. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भात हा आजार आदिवासी समाजांपुरता नाही, हे तर आता आपल्या गावागावांना ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. तपासण्या वाढल्या, औषधे पोहोचू लागली, मुले मोठी होऊ लागली. आणि मुले मोठी होऊ लागली म्हणूनच त्यांच्या खुब्यांचा प्रश्न अधिक ठळकपणे समोर आला.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत मांडीच्या हाडाचा गोल माथा फिरत असतो. या माथ्याची एक अडचण अशी, की त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि थोड्या आहेत. एक वाट बंद झाली तर दुसरी वाट सहज मिळत नाही. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी ताठर आणि वाकड्या होऊन अशाच बारीक वाटांत अडकतात. रक्त पोहोचत नाही, हाडाचा तेवढा भाग मरतो. यालाच डॉक्टर एव्हीएन म्हणतात. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. काही काळ ते आपला आकार धरून असते. त्या काळात साध्या एक्स-रेमध्ये काही दिसतही नाही, एमआरआयमध्ये दिसते. पुढे वजनाखाली तो गोल माथा चेपतो, उखळीशी त्याचा मेळ बसेनासा होतो आणि सांधा झिजू लागतो. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सिकलसेलच्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या खुब्यात हा दोष आढळला होता, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते.

आता स्नायूंकडे वळू. नितंबात तीन थरांचे स्नायू आहेत. सर्वांत वरचा आणि मोठा, ज्यावर आपण बसतो, तो खुर्चीतून उठताना, जिना चढताना मांडी मागे रेटतो. त्याच्याखाली, कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूस, पंख्यासारखे पसरलेले दोन लहान स्नायू आहेत. त्यांचे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांची कोणी विचारपूस करीत नाही. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकू नये म्हणून उभ्या पायाकडचे हे दोन स्नायू तिला ओढून धरतात. दिवसाकाठी काही हजार वेळा ते हे काम बिनबोभाट करीत असतात.

कावड डोळ्यांसमोर आणा. आपण पाण्याची कावड घेतो तेव्हा दांडी मधोमध खांद्यावर ठेवतो, म्हणून दोन्हीकडे सारखा भार पुरतो. समजा, दांडीचा एक भाग लांब आणि दुसरा आखूड ठेवला, तर लांब टोकाची घागर तोलण्यासाठी आखूड टोकाला कितीतरी अधिक वजन टांगावे लागेल, आणि खांद्यावर दोन्ही वजनांचा एकत्रित भार येईल. खुब्याचे नेमके असेच आहे. एका पायावर उभे असताना शरीराचे वजन लांब टोकाला असते आणि नितंबाचे स्नायू आखूड टोकाला ओढत असतात. त्यामुळे सांध्यावर केवळ शरीराचे वजन येत नाही, तर त्याच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. पन्नास किलोच्या मुलाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला सव्वाशे ते दीडशे किलो.

हे स्नायू दुबळे झाले की काय होते, ते जर्मन शल्यविशारद फ्रिडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली, जन्मतः खुबा निखळलेल्या मुलांची चाल पाहून दाखवून दिले. रुग्णाला एका पायावर उभे करावे. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर उभ्या पायाकडचे स्नायू आपले काम करीत नाहीत असे समजावे. आजही आम्ही हीच तपासणी करतो. तिला यंत्र लागत नाही.

एव्हीएनच्या रुग्णाच्या बाबतीत दुष्टचक्र असे फिरते. खुबा दुखतो, म्हणून मुलगा त्या पायावर कमी भार देतो. पाय वापरात नसल्याने स्नायू वाळतात. स्नायू वाळले की सांधा सैल हाताने धरल्यासारखा होतो, पाऊल डगमगते, आणि दुखणे वाढते. त्यातच तो चालताना दुखऱ्या बाजूला अंग टाकू लागतो. घरचे लोक टोकतात, नीट चाल. खरे तर ती शरीराने स्वतः शोधलेली युक्ती आहे. धड दुखऱ्या खुब्याच्या वर आणले की कावडीचा लांब भाग आखूड होतो आणि सांध्यावरचा भार हलका होतो. या युक्तीची किंमत मात्र कंबर आणि पाठ पुढे मोजत राहतात. त्या मुलाला ओरडू नये. त्याच्या हातात काठी द्यावी, आणि तीही दुखऱ्या बाजूच्या नव्हे, तर विरुद्ध बाजूच्या हातात. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. जवळजवळ प्रत्येक जण ती चुकीच्या हातात धरून आमच्याकडे येतो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली ‘काठी फेकून देऊ नका’ अशा आशयाच्या शीर्षकाचा एक लेखच लिहिला होता. वीस वर्षांच्या मुलाला काठीची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. पण योग्य हातातील काठीने सांध्याचा भार बराच उतरतो, हे त्याला एकदा स्वतः अनुभवू द्यावे. पुढे तो आपणच ती मागतो.

व्यायामाने मेलेले हाड जिवंत होते का? नाही. हे स्वच्छ शब्दांत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण खोटी आशा दाखवणाऱ्या जाहिरातींना बळी पडून आमच्याकडे आलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. मग व्यायाम कशासाठी? याचे उत्तर २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. सिकलसेलमुळे खुब्याला एव्हीएन झालेल्या ४६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटावर हाडातील दाब कमी करण्याची छिद्राची शस्त्रक्रिया करून पुढे फिजिओथेरपी दिली. दुसऱ्या गटाला केवळ फिजिओथेरपी दिली. सरासरी तीन वर्षांनी पाहता, नुसता व्यायाम करणाऱ्यांची खुब्याची कार्यक्षमता शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तोडीची आढळली. हा अभ्यास लहान आहे, आणि प्रत्येक रुग्णाचा निर्णय त्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो. परंतु व्यायाम म्हणजे ‘दुसरे काही करता येत नाही म्हणून सांगायची गोष्ट’ नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळते.

शिवाय काळाचा हिशेब आहे. सांधा पूर्ण झिजला की कृत्रिम सांधा बसवावा लागतो. जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये रूढ केलेली ही शस्त्रक्रिया आज नागपुरातही होते आणि तिने अनेकांचे आयुष्य सुसह्य केले आहे. पण हा सांधा अमर नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, असे सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात, आणि ते रुग्ण बहुतांशी वयस्क होते. बाविसाव्या वर्षी सांधा बदलला तर तो पुन्हा बदलण्याची वेळ आयुष्यात येणार, हे जवळपास ठरलेले. सिकलसेलच्या रुग्णाला भूल, रक्त आणि जंतुसंसर्ग यांचे धोकेही अधिक. त्यामुळे शस्त्रक्रिया पाच वर्षे जरी पुढे ढकलता आली, तरी ती पाच वर्षे त्या मुलाच्या शिक्षणाची, नोकरीची, लग्नाची असतात.

आता प्रत्यक्ष व्यायाम. येथे आमच्या विभागाची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही छापील पत्रके वाटत असू. त्यात चित्रे होती, सूचना होत्या, आणि प्रत्येक सूचनेची सुरुवात ‘पलंगावर झोपून’ अशी होती. दोन महिन्यांनी आलेल्या एका मुलीला आम्ही विचारले, व्यायाम केलेस का? ती खाली मान घालून म्हणाली, “आमच्या घरी पलंग नाही.” तिची आई म्हणाली, “जमिनीवर केला तर चालते का, हे कोणाला इचारावं?” तेव्हापासून आमचे सर्व व्यायाम सतरंजीवर शिकवले जातात.

पहिला व्यायाम अगदी साधा. पाठीवर निजावे, दोन्ही नितंब एकमेकांकडे आवळून धरावेत, पाच अंक मोजावेत, सोडावेत. श्वास रोखू नये. मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. असे दहा वेळा. दुखणे बरेच असले तरी बहुतेकांना हे जमते. यात सांधा हलत नाही, पण विसरलेला स्नायू जागा होतो.

दुसरा योगवर्गातील सेतुबंधासनासारखा. गुडघे दुमडून, तळवे जमिनीवर टेकवून, कंबर हळूहळू वर उचलावी. पुष्कळ जण पाठीचा धनुष्यासारखा बाक काढतात आणि समजतात की छान जमले. तसे नको. खांदा, कंबर आणि गुडघा एका सरळ रेषेत आले की थांबावे. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा येत असेल तर टाचा थोड्या जवळ घ्याव्यात.

तिसऱ्या व्यायामावर आमचा सर्वाधिक भर आहे, आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. चांगल्या कुशीवर निजावे. दुखरा पाय वर. खालचा गुडघा दुमडावा, वरचा पाय सरळ ठेवावा, आणि तो वीतभर, दीड वीतभरच वर उचलावा. पाय धडाच्या रेषेत, किंचित मागेच असावा. पावलाची बोटे समोर असावीत, छताकडे नकोत. पाय पुढे आला किंवा बोटे वर वळली, की मांडीच्या पुढचे स्नायू काम हिसकावून घेतात आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते स्नायू निवांत राहतात. आमची युक्ती अशी, की भिंतीला पाठ लावून निजावे आणि टाच भिंतीवरून सरकवत वर न्यावी. भिंत सुटली की चूक झाली असे समजावे. हे करणे जड जात असेल तर दोन्ही गुडघे दुमडून, टाचा जुळवून, फक्त वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडावा. तेवढ्यानेही सुरुवात होते.

त्यानंतर रोज काही मिनिटे नुसते पालथे निजावे. दुखरा खुबा दुमडलेला राहण्याकडे कलतो आणि पुढून आखडतो; पालथे निजल्याने तो मोकळा राहतो. जमू लागल्यावर त्याच स्थितीत एकेक पाय, गुडघा न वाकवता, चार बोटे वर उचलावा.

उभ्याचे व्यायाम शेवटी, आणि तेही तपासून घेतल्यावरच. स्वयंपाकाच्या ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून चांगल्या पायावर उभे राहावे आणि दुखरा पाय बाजूला न्यावा. पुढे खुर्चीवरून हात न टेकवता उठणे-बसणे. दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहण्याची घाई कोणी करू नये. मघाशी सांगितलेला तो सव्वाशे किलोचा हिशेब आठवावा.

किती करावे? प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढ्याने सुरुवात पुरे. मोजमापाचा आमचा नियम एकच आहे. व्यायामानंतर थोडे दुखले आणि तासा-दोन तासांत शमले, तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर व्यायाम निम्म्यावर आणावा. बंद करू नये, निम्म्यावर आणावा. सहा आठवड्यांच्या आत फारसा फरक दिसत नाही, आणि नेमके चौथ्या आठवड्यात लोक कंटाळतात.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी काही पथ्ये वेगळी आहेत. शरीरातले पाणी कमी झाले, अतिश्रम झाले, एकदम गारठा लागला, की पेशी वाकड्या होण्याचा धोका वाढतो. नागपूरचा मे महिना आपणांस सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उन्हाळ्यात व्यायाम उजाडतानाच उरकावा, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवावा. दम लागेपर्यंत काहीही करू नये. थंड पाण्यात पोहणे टाळावे. वेदनेचा झटका आलेला असताना व्यायाम पूर्ण थांबवावा, आणि ताप आला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर खुब्याचा विचार सोडून तडक रुग्णालय गाठावे. डोक्यावर मोटे वाहणे, उड्या मारणे, धावणे आणि दीर्घकाळ उकिडवे बसणे दुखऱ्या खुब्याला मानवत नाही. धानाच्या रोवणीचे दिवस आले की हा सल्ला पाळणे किती अवघड आहे, हे आम्हांस कळते. घरातल्या कर्त्या मुलीला बांधावर बसवून ठेवणे परवडत नाही. तेव्हा निदान वाकून, चिखलात पाय रोवून करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि पेंढ्या मोजण्याचे, जेवण पोहोचवण्याचे काम तिच्याकडे द्यावे, अशी तडजोड आम्ही सुचवतो. काही घरांनी ती केली आहे.

देणगीदारांसाठी दोन शब्द. रुग्णालयाला यंत्र दिले की त्यावर नाव कोरता येते. सतरंजीवर नाव कोरता येत नाही. या व्यायामांना यंत्र लागत नाही, म्हणून त्यांना खर्चही लागत नाही असा समज होतो. खर्च लागतो तो माणसांच्या वेळेला. तिसरा व्यायाम एका रुग्णाला बरोबर शिकवायला पाऊण तास जातो, दोन आठवड्यांनी तो पुन्हा तपासावा लागतो, आणि जो आला नाही त्याला फोन करावा लागतो. एटापल्लीहून येणाऱ्या मुलाचा एक अख्खा दिवस आणि दोघांचे गाडीभाडे जाते. तो तिसऱ्या खेपेला आला नाही, तर त्याला आळशी म्हणणे आम्हांस जमत नाही. गेल्या वर्षी प्रवासखर्चासाठी ज्यांनी मदत दिली, त्यांची नावे या अहवालात इतर देणग्यांच्या यादीतच आहेत. आमच्या दृष्टीने ती यादीच्या आरंभी आहेत.

एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथेच देतो. सांधा बदलल्यानंतर पंगतीत मांडी घालून बसता येईल का? शस्त्रक्रिया कशी झाली यावर ते अवलंबून आहे. शल्यविशारदांनी परवानगी देईपर्यंत बसू नये. सांधा बदलल्यावर व्यायाम सुटतात, असेही कोणी समजू नये. लोखंड नवे असले तरी ते धरून ठेवणारे स्नायू जुनेच असतात. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांनी ते राखले, ते वॉकर लवकर सोडतात, असा आमचा अनुभव आहे.

बोलणे बरेच झाले. मागच्या भिंतीलगत सतरंज्या अंथरलेल्या आहेत. रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत आलेल्यांनीही तिकडे यावे. आईने स्वतः करून पाहिल्याशिवाय मुलाची चूक तिला ओळखता येत नाही. विश्वस्तांपैकी ज्यांची कंबर धरते, त्यांचेही स्वागत आहे. पाण्याचे माठ दाराशी आहेत. प्रथम सर्वांनी एकेक पेला पाणी प्यावे, मग भिंतीला पाठ लावून कुशीवर निजावे, दुखरा पाय वर.